सापडलेलं हरवू नये म्हणून

ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे बुकमार्क एका फाइलीत बाहेर काढता येतात. ती फाइल एकदा काढा आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. क्रोम असो की फायरफॉक्स, पहिल्याच ओळीत नाव दिसतं ते नेटस्केपचं. नेटस्केप नॅव्हिगेटर हा ब्राउझर १९९४ साली आला, काही वर्षं त्याचंच राज्य होतं आणि १ मार्च २००८ पासून त्याची अधिकृत देखभालही थांबली. आज कॉलेजात असलेल्या मुलांनी तो पाहिलेलाही नाही. तरीही त्यांच्या फाइलीवर शिक्का त्याचाच आहे, कारण वाचनखुणा लिहून ठेवण्याची त्यानं घालून दिलेली साधी रीत पुढे सगळ्यांनी जशीच्या तशी उचलली. मराठेशाही बुडाल्यावरही खेड्यापाड्यांच्या बाजारात शिवराई चालत राहिली, तसंच हे.

त्या शिक्क्याखाली एकेका ओळीत एकेक दुवा असतो : पानाचा पत्ता, पानाचं नाव आणि एक दहा आकडी संख्या. ही संख्या म्हणजे दुवा साठवल्याची वेळ. १ जानेवारी १९७० या दिवशी ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, ते तिथे मोजलेलं असतं. १७०००००००० असा आकडा दिसला, तर तो दुवा आपल्या घड्याळाप्रमाणे १५ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं २० सेकंदांनी साठवला, असं निश्चित सांगता येतं. माझी स्वतःची फाइल मी अशी पहिल्यांदा उघडली, तेव्हा एका जागी लागोपाठ अकरा दुवे सापडले. पहिल्या आणि अकराव्या आकड्यात साधारण चार हजारांचा फरक, म्हणजे तासाभराहून थोडा अधिक वेळ. सगळे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दलचे. आईचं ऑपरेशन ठरलं त्या रात्रीचे. दिनदर्शिकेत त्या रात्रीची काहीच नोंद नव्हती, फोटो नव्हता, पण बुकमार्कच्या फाइलीनं ती सेकंदासकट जपली होती.

हवं ते हव्या त्या क्षणी शोधून मिळत असताना साठवायचं कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण माणसं वेबवर खरोखर काय करतात हे कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली नोंदवलं, तेव्हा असं दिसलं की लोक ज्या पानांवर जातात त्यांतली सुमारे ५८ टक्के त्यांनी आधी पाहिलेलीच असतात. आपण नव्याच्या शोधात असतो खरे, पण अर्ध्याहून अधिक वेळा जुन्याच दाराशी परततो. तिकडे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विल्यम जोन्स आणि सहकाऱ्यांनी तर एकदा सापडलेली गोष्ट सापडलेलीच कशी राहील, याच प्रश्नाला वाहिलेला प्रकल्प चालवला. लोक एखादं चांगलं पान राखून ठेवण्यासाठी काय काय करतात, ते त्यांनी पाहिलं. कुणी स्वतःलाच ईमेल धाडतं, कुणी पान छापून घेतं, कुणी पत्ता चिकटचिठ्ठीवर उतरवून पडद्याच्या कडेला लावतं. आता त्यात व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवण्याची भर पडली आहे. यातल्या प्रत्येक युक्तीला कारण असतं. ईमेल डोळ्यांसमोर राहते, चिठ्ठी आठवण करून देते, कागदावर पेन चालवता येतं. एकट्या बुकमार्कला यातलं काहीच जमत नव्हतं, आणि पुढच्या सगळ्या साधनांचा जन्म या उणिवेतून झाला आहे.

आपल्याकडे ही गरज किती जुनी आहे, ते ‘बाड’ या शब्दात दिसतं. पोथी म्हणजे सुट्या पानांवर लिहिलेला एखादा सबंध ग्रंथ. बाड म्हणजे शिवलेली वही, ज्यात लिहिणारा आपल्याला हवं तेवढंच उतरवून घेतो : तुकोबांचा एक अभंग, नामदेवांचे दोन, मध्येच एखादी आरती, कीर्तनात उपयोगी पडणारं आख्यान. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांतून जमवलेली अशी बाडं जपून ठेवली आहेत. मूळ रचना कुणा एकाची असली, तरी ती कशाशेजारी ठेवायची हा निर्णय बाडाच्या मालकाचा. आजच्या भाषेत ज्याला कंटेंट क्युरेशन म्हणतात, ते नेमकं हेच आहे. निवडायचं, शेजारी शेजारी ठेवायचं आणि वेळेला काढता येईल अशा बेतानं ठेवायचं.

यंत्राच्या मदतीनं हे करण्याचं पहिलं मोठं स्वप्न जुलै १९४५ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकात छापून आलं. लिहिणारे होते व्हॅनिव्हर बुश, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वैज्ञानिक संशोधनाची सूत्रं सांभाळणारे अभियंते. त्यांनी मेमेक्स नावाच्या एका मेजाची कल्पना मांडली. मेजाच्या पोटात मायक्रोफिल्मवर उतरवलेली पुस्तकं आणि कागदपत्रं, वर तिरपे पडदे, बाजूला कळा. यंत्र कधी बनलं नाही, पण त्यांनी दिलेलं उदाहरण आजही तंतोतंत लागू पडतं. एक माणूस धर्मयुद्धांच्या काळातलं तुर्की आखूड धनुष्य इंग्रजी लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं, याचा शोध घेतोय. तो विश्वकोशातला एक लेख काढतो, इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान काढतो, दोन्ही एकमेकांना जोडतो, मध्येच पदार्थांच्या लवचीकतेबद्दलचे तक्ते जोडतो आणि आपल्या हातानं लिहिलेलं एक टिपण घालतो. त्याची एक पायवाट तयार होते. काही वर्षांनी मित्राशी गप्पा मारताना विषय निघतो, तो ती पायवाट सबंधच्या सबंध बाहेर काढतो, तिची प्रत करून मित्राला देतो आणि मित्र ती आपल्या मेमेक्समध्ये जोडून घेतो. माहितीच्या रानात अशा वाटा पाडून देणाऱ्यांचा एक नवा पेशाच उदयाला येईल, असं बुश यांनी लिहून ठेवलं. वाटाड्याचा पेशा! वेब जन्मायला तेव्हा अजून चार दशकांहून अधिक अवकाश होता.

ती पायवाट प्रत्यक्षात अवतरली २००३ साली, न्यूयॉर्कमध्ये. जोशुआ शॅक्टर हा तरुण मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेत नोकरी करत होता आणि फावल्या वेळात आवडलेले दुवे एका साध्या मजकूर-फाइलीत टिपून ठेवत होता. दुवे हजारोंच्या घरात गेले, तसा तो प्रत्येकापुढे एखाददुसरा शब्द लिहू लागला, म्हणजे पुढे त्या शब्दावरून दुवा शोधता यावा. हेच टॅग. मग त्यानं ही फाइल वेबवर नेली आणि कुणालाही आपापली तशी फाइल करता येईल अशी सोय केली. तिचं नाव डिलिशस. खुबी अशी की प्रत्येक दुव्यापुढे एक आकडा दिसे : हेच पान आणखी किती जणांनी साठवलंय. त्या आकड्यावर टिचकी मारली, की ती माणसं दिसत. त्यांनी त्याच पानाला कोणते शब्द लावलेत ते दिसे. एखाद्याचे शब्द आपल्याशी जुळले, तर त्याचा सगळा संग्रह उघडून बघता येई. अनोळखी माणसाच्या घरी जाऊन त्याचं पुस्तकांचं कपाट निवांत न्याहाळावं, असा तो अनुभव होता. डिसेंबर २००५ मध्ये याहूनं ही सेवा विकत घेतली आणि २००८ च्या अखेरीस तिच्यावर ५३ लाखांहून जास्त सभासद आणि १८ कोटी वेगवेगळे दुवे असल्याचं सांगितलं जात होतं.

प्रत्येकाला हवा तो शब्द लावायची मोकळीक दिली, तर गोंधळ माजेल असंच कुणालाही वाटेल. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिलं होतं, की दोन माणसांनी एकाच गोष्टीला आपणहून एकच शब्द सुचवण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. ठिबक सिंचनाची माहिती देणारं एक पान घ्या. ऊसवाला शेतकरी त्याला ‘ऊस’ म्हणून ठेवेल, पाइप विकणारा ‘ठिबक’ म्हणून, कृषी खात्यातला माणूस ‘अनुदान’ म्हणून, तर भूगोलाची शिक्षिका ‘पाणी’ म्हणून. चारही बरोबर. मग शंभर माणसांनी चारशे शब्द लावल्यावर हाती काय लागणार?

याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं नवल वाटतं. एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी डिलिशसवरच्या नोंदी तपासल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असं आढळलं, की एखादं पान साधारण शंभर जणांनी साठवलं की त्याला लागलेल्या शब्दांचं प्रमाण स्थिरावतं. त्यानंतर आणखी कितीही माणसं आली, तरी कुठला शब्द किती वाट्यानं येणार यात फारसा फरक पडत नाही. कुणी बैठक घेतली नाही, मतदान केलं नाही, कुणी संपादक नेमला नाही. जो तो आपल्यापुरती खूण करत होता आणि शंभरेक खुणांनंतर त्या पानाची जणू सामूहिक ओळख तयार होत होती. काही अंशी हे एकमेकांचं पाहून होतं आणि काही अंशी, त्यांच्या मते, समान जाणिवेतून. याच निबंधात त्यांनी टॅगांच्या सात जाती सांगितल्या. पान कशाबद्दल आहे, कसलं आहे, कुणाचं आहे या सरळ जाती तर आहेतच. पण ‘माझं’, ‘मजेदार’, ‘वाचायचंय’, ‘नोकरी शोधताना’ असे शब्दही लोक सर्रास लावतात. हे शब्द त्या पानाबद्दल जगाला काहीच सांगत नाहीत. ते सांगतात, ते पान ठेवणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होतं. अशा लोकांनी मिळून केलेल्या वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ साली फोक्सॉनॉमी हे नाव दिलं.

ग्रंथालयवाल्यांना यातला पेच नवा नव्हता. फडताळात पुस्तकाला एकच जागा मिळते, आणि विषय मात्र एकात एक गुंतलेले असतात. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांना यावर तोड सुचली ती लंडनच्या एका दुकानात मेकॅनो हा खेळ पाहून. त्याच त्या पट्ट्या, चाकं आणि स्क्रू वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडून हवं ते यंत्र उभं करता येतं. मग विषयही तसेच का जोडू नयेत? त्यांच्या १९३३ सालच्या द्विबिंदू वर्गीकरणात प्रत्येक विषयाचे पैलू सुटे केलेले असतात, आणि पुढे त्यांनी ते पाच गटांत बसवले : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. टॅग लावताना हे पाच प्रश्न मनाशी धरले, तर फार उपयोग होतो. कशाबद्दल, कोणत्या द्रव्याचं, कोणत्या क्रियेचं, कुठलं आणि केव्हाचं. ‘ऊस’, ‘पाणी’, ‘सिंचन’, ‘सोलापूर’, ‘२०२३’ असे पाच शब्द लावले, की ते पान पुढे कोणत्याही बाजूनं गेलं तरी हाती लागतं. आणि या शिस्तीच्या जोडीला ‘मजेदार’ नि ‘वाचायचंय’ ठेवायला कुणाचीच ना नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथे एक खास गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुठल्याही साधनाच्या मदतपुस्तिकेत सापडत नाही. आपली नामं विभक्ती लागताच रूप बदलतात. पाऊस आला, की ‘पावसाचा’, ‘पावसात’, ‘पावसामुळे’. ऊस असला की ‘उसाला’. मूल, ‘मुलाचं’. बुकमार्क ठेवणाऱ्या बऱ्याचशा साधनांमधला शोध फक्त अक्षरं जुळवतो. त्यामुळे ‘पाऊस’ टंकलं की अख्खं पान पावसाबद्दल असूनही ते सापडत नाही, कारण त्यात ‘पावसात’ शंभरदा आलंय आणि ‘पाऊस’ एकदाही नाही. शिवाय ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द पडद्यावर एकसारखाच दिसला, तरी त्यातला ‘ऱ्य’ दोन निराळ्या प्रकारांनी टंकता येतो आणि यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. उपाय अगदी सोपा आहे. टॅग नेहमी एकवचनी, विभक्ती नसलेल्या रूपात लावायचा : पाऊस, ऊस, मूल, शेतकरी. मजकुरात शब्दाचं काहीही रूप असो, खूण एकच राहते.

पत्त्याचंही तसंच. वेबच्या पत्त्यात मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात. देवनागरीतला प्रत्येक घटक संगणक तीन बाइटांत साठवतो आणि पत्त्यात दर बाइटासाठी एक टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं खर्ची पडतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा घटक आहेत. म्हणजे मराठी विकिपीडियावरच्या ‘महाराष्ट्र’ या पानाचा दुवा कॉपी करून चिकटवला, की त्या एका शब्दाच्या जागी नव्वद चिन्हांची माळ उमटते. ती कागदावर छापून कुणाला देण्यात अर्थ नाही. पण ती नीट साठवून शेजारी मराठीत नाव लिहिलं, की काम भागतं. पत्त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’नं सुरू होणारा मजकूर दिसला, तर तो बिनदिक्कत छाटावा. तुम्ही कुठल्या जाहिरातीवरून वा बातमीपत्रावरून आलात, एवढंच मोजण्यासाठी तो असतो. तो राहिला, तर एकच पान दोन निराळ्या पत्त्यांनी दोनदा साठवलं जातं.

‘नंतर वाचू’ म्हणून पान बाजूला ठेवणारी साधनं डिलिशसच्याच काळात आली. २००७ साली नेट वायनर यांचं ‘रीड इट लेटर’, ज्याचं पुढे पॉकेट झालं, आणि २००८ साली मार्को आर्मेंट यांचं इन्स्टापेपर. ही साधनं जाहिराती, मेन्यू, बाजूच्या चौकटी सगळं गाळून फक्त लेख तेवढा ठेवतात. कुठला भाग लेख आहे, हे यंत्राला कळतं कसं? फायरफॉक्सच्या वाचन-दृश्यामागे असलेला आज्ञावलीचा भाग सगळ्यांसाठी खुला आहे आणि तो वाचताना मला खरोखर आनंद झाला. तो परिच्छेदांना गुण देतो. पंचवीस अक्षरांहून छोट्या तुकड्याकडे बघतच नाही. लांबीसाठी थोडे गुण. आणि दर स्वल्पविरामाला एक गुण! मेन्यूत, बटणावर, जाहिरातीत स्वल्पविराम क्वचितच येतो. तो येतो तो माणूस सलग काही सांगत असतो तेव्हा. प्रत्येक परिच्छेदाचे गुण त्याला पोटात घेणाऱ्या चौकटीच्या खात्यावर जमा होतात, ज्या चौकटीचे गुण सर्वाधिक ती लेखाची, आणि बाकीचं सगळं बाहेर. मराठीचा स्वल्पविराम तोच असल्यामुळे आपले लेखही यातून नीट निघतात.

आता यातली दुखरी बाजू. दुवा साठवला म्हणजे पान साठवलं असं होत नाही. प्यू रिसर्च सेंटरनं मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियावरच्या ५४ टक्के पानांच्या संदर्भांमध्ये निदान एक तरी दुवा मेलेला होता. न्यायालयंही यातून सुटलेली नाहीत. हार्वर्डच्या अभ्यासकांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले सुमारे निम्मे दुवे आता मूळ मजकुरापर्यंत पोचत नसल्याचं आढळलं. व्हिडिओ गेमविषयीच्या २०११ सालच्या एका निकालाच्या तळटीपेत दिलेल्या पत्त्याची मुदत संपली, तेव्हा कुणीतरी तो पत्ता विकत घेतला आणि तिथे एक पाटी लावून ठेवली. न्यायमूर्तींनी उद्धृत केलेला मजकूर इथे आता नाही, वेबवरचं किती क्षणभंगुर असतं ते पाहा, अशा अर्थाची. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयानं यावर उपाय म्हणून परमा नावाची सेवा उभी केली. तिच्यात पानाची प्रतच कायमची ठेवली जाते.

सामान्य वाचकासाठी या बाबतीत सर्वांत मोठा आधार इंटरनेट अर्काइव्हचा. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या या संस्थेचं वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुलं आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातल्या साठवलेल्या पानांनी एक लाख कोटींचा टप्पा गाठला. त्याच्या मुखपृष्ठावर एखादा पत्ता देऊन ‘हे पान आत्ता साठवा’ असं सांगता येतं, फुकट. महत्त्वाचा दुवा ठेवताना एवढी एक टिचकी जास्तीची मारली, तर पुढच्या दहा वर्षांचा घोर मिटतो. सरकारी परिपत्रकं, योजनांची पानं, निवडणुकांच्या आसपासच्या बातम्या यांच्या बाबतीत तर हे करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

पानं जातात तशी साठवणारी दुकानंही उठतात. डिसेंबर २०१० मध्ये याहूच्या अंतर्गत बैठकीतलं एक चित्र बाहेर फुटलं आणि डिलिशस मावळतीच्या यादीत असल्याचं जगाला कळलं. लोकांनी धडाधड आपले संग्रह बाहेर काढले, आणि त्यांतले खूपसे गेले पिनबोर्डकडे. पिनबोर्ड ही माचेय सेग्लोव्स्की यांनी २००९ साली सुरू केलेली, जाहिराती नसलेली, पैसे भरून वापरायची सेवा. शुल्काची रीत गमतीची होती. दर नव्या सभासदागणिक ते चिमूटभर वाढे. २०११ मध्ये डिलिशसच्या नव्या मालकांनी रूप पालटलं, तेव्हा आवडत्या कादंबऱ्या नि मालिकांवर स्वतः कथा रचणारे वाचक-लेखक बेघर झाले. कथेची लांबी, पात्रं, लेखक या सगळ्यांसाठी त्यांनी टॅगांची एक काटेकोर पद्धत बसवली होती आणि तीच मोडली होती. आमच्याकडे यायला तुम्हाला काय हवं, असं सेग्लोव्स्की यांनी विचारताच त्यांनी मिळून पन्नासहून अधिक पानांचा मागणीपत्रासारखा दस्तऐवज लिहून दिला. आणि जून २०१७ मध्ये वर्तुळ पुरं झालं. एके काळी लाखोंचा राबता असलेली डिलिशस सेग्लोव्स्की यांनीच ३५ हजार डॉलरना विकत घेतली. पॉकेटचंही तेच झालं. २०१७ मध्ये ते मोझिलाकडे गेलं आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद पडलं. म्हणून साधन निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो : माझं सगळं यातून बाहेर काढता येतं का? रेनड्रॉप, इन्स्टापेपर आणि आपल्या संगणकावर स्वतः चालवता येणारं वॉलबॅग यांत ते येतं.

अभ्यासासाठी मात्र मी झोटेरोचीच शिफारस करतो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली जन्मलेलं हे साधन मोफत आणि खुलं आहे. त्याचं नाव एखादा विषय आत्मसात करणे अशा अर्थाच्या अल्बेनियन क्रियापदावरून आलं आहे. शोधनिबंधाच्या पानावर असताना त्याचं एक बटण दाबलं, की लेखक, वर्ष, खंड, पृष्ठं असं सारं आपसूक नोंदवलं जातं, कारण ते पानाच्या पोटात यंत्रासाठी आधीच लिहून ठेवलेलं असतं. चार जणांचा गट मिळून एकच संग्रह वाढवू शकतो. पीएचडीच्या विद्यार्थ्याला प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात संदर्भसूची हातानं लिहायची वेळ आली नाही, तर त्याची रात्रीची झोप किती वाचते, ते त्याच्या घरच्यांना विचारा.

शाळेत तर हे सगळं एका चौकोनात आलं आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात आणि ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावरच्या साहित्याकडे नेतात. चौकोनाखाली सहा अक्षर-आकड्यांचा संकेतही असतो. पुस्तक तेच राहतं, छपाई तीच राहते, पण त्यामागचं साहित्य बदलता येतं, वाढवता येतं. कागदावर छापलेली खूण आणि तिच्या पलीकडे हलता मजकूर, असा मेळ बुश यांच्या मेजालाही साधला नव्हता.

कचेरीत दहा माणसांनी मिळून दुवे ठेवायचे असतील, तर एकच नियम लावावा, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे : दुव्याशेजारी एक ओळ स्वतःच्या शब्दांत. पानाचा गोषवारा तिथे नको, तो यंत्रही काढून देतं. हे का ठेवलं, कुणाला लागेल, कुठला तक्ता बघायचा, एवढंच लिहायचं. ही ओळ नसेल, तर सहा महिन्यांनी ठेवणाऱ्यालाही आठवत नाही.

हे मला शिकवलं त्या अकरा दुव्यांनी. त्यांतले सात अजून उघडतात. पण ते का ठेवले होते, ते मला आता सांगता येत नाही. एकसारखीच माहिती, एकसारखीच चित्रं. मेलेल्या चारांपैकी एकाच्या नावापुढे मात्र मी त्या रात्री तीन शब्द टंकले होते : ‘जिना, आईला दाखव’. दहा आकडी संख्येवरून तारीख काढली, वेबॅक मशीनमध्ये त्या तारखेच्या आसपासची प्रत शोधली आणि ती निघाली. परदेशातल्या एका छोट्या रुग्णालयाचं पान, जिन्याचं रेखाचित्र, दोन बाण. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशन झालेला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आई अजूनही पहिल्या पायरीशी थांबते, कठडा धरते आणि पाय उचलण्याआधी ते दोन्ही बाण मनाशी म्हणून घेते.